रविवारची तिथी आधी, जागा नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोघे मित्र, एक रोह्याला, दुसरा अलिबागला. दोघांनाही नोकरी, त्यामुळे हाताशी फक्त रविवार. दोघांत मिळून एक दुर्बीण आणि एक कॅमेरा. कोकणात पक्षी बघायला सुरुवात करायची आहे, तर कुठे जावं, कधी जावं, बरोबर काय घ्यावं, आणि दोघंच गेलो तर जमेल की एखाद्या ग्रुपबरोबर जावं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. दोघंच जा. वीस जणांच्या ग्रुपमध्ये निम्मे पक्षी दिसायच्या आत उडून जातात, उरलेल्यांचं नाव जाणकार सांगून मोकळा होतो आणि बाकीचे माना डोलावतात. त्यातून यादी वाढते, नजर तयार होत नाही. एकट्याने गेलं तर जे दिसलं ते खरंच दिसलं का, हे विचारायला कुणी नसतं. दोघं म्हणजे चार डोळे, चार कान आणि वाद घालायला एक माणूस. एवढं पुरतं.

आता कुठे आणि कधी. लोक जागांची यादी मागतात, आणि ती देणं सोपं आहे: कर्नाळा, फणसाड, आक्षी, रेवदंड्याची खाडी, उरणची पाणथळं, ऐरोली. पण याच आक्षीला एका रविवारी पक्षी हाकेच्या अंतरावर असतात आणि पुढच्या रविवारी नुसते ठिपके दिसतात. महिना तोच, थंडी तीच. फरक असतो पाण्याचा. ओहोटीला चिखल आणि वाळू दूरवर उघडी पडते आणि पक्षी पाण्याच्या कडेने आत निघून जातात. भरती चढायला लागली की तेच पक्षी पाण्यापुढे मागे मागे सरकत तुमच्याकडे येतात. म्हणून किनाऱ्यावर जाणाऱ्याने आधी तिथी बघावी.

आपल्याकडच्या कोळ्यांचा आणि खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, शेतकऱ्यांचा हिशोब तुम्ही घरात ऐकलाही असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. सकाळी आणि संध्याकाळी दोन्हीकडे, शुक्ल पक्ष असो की कृष्ण. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण 50 मिनिटं उशिरा येते, त्यातून हा हिशोब निघाला आहे. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला तो अर्ध्यापाऊण तासाच्या फरकाने लागू पडतो. खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोचते, म्हणजे रेवदंड्याला पाणी भरलं तरी रोह्याच्या बाजूला ते यायला वेळ असतो. दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्याला ती मुंबईच्या आधी लागते. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात, जायच्या आदल्या रात्री ते जरूर बघा. पण महिनाभराचे बेत आखायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

दुसरी गोष्ट उन्हाची. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी किनाऱ्यावर उभं राहिलं की सूर्य पाठीशी असतो आणि पक्ष्याच्या अंगावर सरळ उजेड पडतो. पायाचा रंग, चोचीचं बूड, डोळ्याभोवतीची कडा, सगळं दिसतं. संध्याकाळी त्याच जागी पक्षी काळे दिसतात. सूर्यास्ताचे फोटो छान येतात, ओळख मात्र पटत नाही. मुंबईच्या बाजूला शिवडीला उलटं आहे, कारण तिथे काठ पश्चिमेला आणि चिखल पूर्वेला. तिथे दुपारनंतर जावं, तेव्हा चतुर्थी-पंचमी बरी.

या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की तुमचा रविवार आपोआप ठरतो. रविवारी दशमी ते चतुर्दशी यांतली तिथी असेल तर किनारा किंवा खाडी. नसेल तर जंगल. साधारण तीनांतला एक रविवार किनाऱ्याच्या वाट्याला येतो. द्वादशी ते चतुर्दशीला चढत्या पाण्यावर बसा, भरतीच्या दोन तास आधीपासून. दशमी-एकादशीला उजाडल्यावर थोड्याच वेळात भरती होऊन जाते, तेव्हा उतरत्या पाण्यावर बसा. चिखलाचा पहिला पट्टा उघडा पडला की भुकेले पक्षी त्याच्यावरच तुटून पडतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढउतार कमी, पक्षी फारसे हलत नाहीत. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, चित्र एकदम बदलतं. मुंबई-रायगडकडे उधाणाला पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं, सिंधुदुर्गात त्याच्या निम्म्याच्या जवळपास. म्हणून चिखलातल्या पक्ष्यांची मजा उत्तर कोकणात जास्त आहे, असं माझं मत. मालवणच्या मित्रांना ते पटत नाही.

भरती पूर्ण झाल्यावर हे पक्षी जातात कुठे? मागच्या खाजणात, मिठागरांत, कोळंबीच्या तळ्यांच्या बांधांवर. पोटं भरलेली, एका पायावर उभे, चोच पाठीच्या पिसांत. अलिबाग-पेणच्या खारेपाटात उघाडीजवळचा (पाणी सोडायच्या दाराजवळचा) बांध धरून हळू चालत गेलात तर एका जागी पाच-सहा जातींचे पक्षी शेजारी शेजारी उभे दिसतील. आकारांची तुलना शिकायला याहून सोपी जागा नाही. बांध कुणाच्या तरी मालकीचा असतो, विचारून जा. कालवं काढणाऱ्या बायका आणि पाग (फेकजाळं) टाकणारे लोक भेटले की दोन शब्द बोला. कुठल्या बाजूला "लांब चोचीचे" बसतात, हे ते बोट दाखवून सांगतात.

हंगाम म्हणाल तर ऑगस्टअखेरीपासून हे स्थलांतर करणारे पाहुणे यायला लागतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी भर असतो. मार्च-एप्रिलला लोक जाणं बंद करतात, आणि तेच चुकतं. हिवाळाभर राखाडी दिसणारे सँड प्लोव्हर नावाचे छोटे पक्षी एप्रिलमध्ये निघायच्या आधी छातीवर विटकरी-तांबूस रंग घेतात. तीन महिने ज्याला ओळखता ओळखता डोकं दुखलं, तो तेव्हा एका नजरेत ओळखू येतो.

किनाऱ्यावरचे छोटे पक्षी पहिल्या दोन-तीन खेपांना सगळे सारखेच वाटतील. रंगाकडे बघू नका, खाण्याची पद्धत बघा. प्लोव्हर म्हणजे आपले चिखले डोळ्यांनी शिकार शोधतात: चार पावलं पळाले, थबकले, टिपलं, पुन्हा पळाले. पोरं स्टॅच्यू खेळतात ना, अगदी तसे. तुतवार (सँडपायपर) आणि त्याचे भाऊबंद न थांबता चालत राहतात आणि चोचीने चिखल चाचपत जातात. एवढा एक फरक कळला की समोरच्या थव्याचे दोन गट पडतात. मग गळा बघा. मानेभोवती पांढरी पट्टी पूर्ण फिरलेली असेल तर केंटिश प्लोव्हर, मागच्या बाजूला ती नसेल तर सँड प्लोव्हर. मग चोचीची लांबी. कोरलची लांब, खाली वाकलेली चोच खोल बिळातला किडा काढते, पाणटिवळ्याची सरळ चोच मधल्या थरातला, चिखल्याची आखूड चोच वरचाच टिपते. एकाच चिखलावर एवढी गर्दी असूनही भांडणं फारशी होत नाहीत, ती यामुळे. खडकाळ किनाऱ्यावर लाल चोचीचा, काळा-पांढरा कालवफोड्या दिसला तर तो दिवस सार्थकी लागला समजा.

कुरवांचं, म्हणजे सीगलचं, थोडं वेगळं आहे. हिवाळ्यात तपकिरी डोक्याच्या आणि काळ्या डोक्याच्या दोन्ही कुरवांची डोकी पांढरीच असतात, कानामागे फक्त एक काळसर डाग. नावावर जाल तर फसाल. उडताना पंखांची टोकं बघा: काळ्या टोकात पांढरे ठिपके असतील तर तपकिरी डोक्याचा, पंखाची पुढची कडा लांबवर पांढरी असेल तर काळ्या डोक्याचा. मांडव्याच्या बोटीवरून हे उत्तम दिसतं, कारण कुरव डोक्यावरच घिरट्या घालतात. तेवढं त्यांना गाठिया आणि फरसाण टाकणं मात्र कृपा करून करू नका. मीठ आणि तळकट खाणं हे त्यांचं अन्न नव्हे, आणि बोटीतले सगळे टाकतात म्हणून ते योग्य होत नाही.

आता दोघांनी मिळून कसं बघायचं. याच्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि पहिल्या महिन्यातच जोड्या फुटतात. बहुतेक वेळा भांडण कॅमेऱ्यावरून होतं. फोटोवाल्याला जवळ जायचं असतं, दुर्बीणवाल्याला पक्षी आहे तिथे राहायला हवा असतो. यावर आमच्याकडे ठरलेला नियम: जागेवर पोचल्यावर पहिली वीस मिनिटं कॅमेरा पिशवीत. दोघांनी खाली बसायचं, उभं राहायचं नाही. चढत्या पाण्यावर बसलात तर पक्षी स्वतःच जवळ येतात, मग फोटोही मिळतात. वाळूवर रांगत थव्याच्या मागे जाणाऱ्याला बहुतेक वेळा उडणाऱ्या पाठी मिळतात. शिवाय ही पाखरं हजारो किलोमीटर उडून आलेली आणि परत तेवढंच उडायचं आहे. एकेक वेळा थवा उठवला की साठवलेली चरबी जळते आणि खाण्याचा वेळ वाया जातो.

जागा सांगताना "ते बघ, त्या झाडाच्या मागे" असं बोलून काही होत नाही. घड्याळ वापरा. किनाऱ्यावर समोरचा समुद्र म्हणजे बारा, झाडावर शेंडा म्हणजे बारा. "मधल्या खडकापासून दोन वाजता, पाण्याच्या कडेला, डावीकडून तिसरा." आधी ठळक खूण, मग दिशा, मग अंतर. दोन-तीन खेपांनंतर हे तोंडात बसतं.

आणि सगळ्यात कामाचा नियम: नाव आधी कुणी उच्चारायचं नाही. एकाने नाव घेतलं की दुसऱ्याच्या डोळ्यांना तेच दिसायला लागतं. आधी दोघांनी आपापलं वहीत लिहायचं: बुलबुलपेक्षा मोठा की लहान, पाय कसले, चोच केवढी, काय करत होता. मग वह्या जुळवायच्या. मग पुस्तक. मर्लिनसारखं पक्षी ओळखून देणारं अॅप त्याच्याही नंतर. अॅप वाईट नाही, आवाज ओळखायला तर चांगलंच आहे. पण ते पहिल्यांदा उघडलं की वहीत काही उतरत नाही. माझा सोबती एसटीत कंडक्टर होता, त्याचे कान माझ्यापेक्षा तिखट. जंगलात तो आवाजाची दिशा सांगतो, मी त्या दिशेची फांदी शोधतो. तुमच्यातलं कोण कशात तरबेज आहे ते महिन्याभरात कळेल, त्याप्रमाणे कामं वाटून घ्या. किनाऱ्यावर एकाने मात्र नेहमी मागचं पाणी बघायचं. दुर्बिणीतून समोर बघत असताना मागची वाट भरतीने बुडते. अलिबागला कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर आणि खाड्यांच्या मुखांशी असे लोक अडकतात. वहीतली नोंद घरी गेल्यावर ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर, टाका, कावळा आणि साळुंकीसकट. दुर्मीळ तेवढंच टाकलं तर नोंदीला अर्थ राहत नाही.

जंगलाचे रविवार. कर्नाळा तुम्हा दोघांनाही जवळ आहे, आणि 1968 पासूनचं अभयारण्य आहे. दरवाज्यावर प्लास्टिक मोजून अनामत घेतात, तेव्हा डबा स्टीलचाच न्या. रविवारी तिथे सहलींची गर्दी असते हे खरं, पण ती दहानंतर. दार उघडताच आत शिरा, किल्ल्याच्या अंगठ्याकडे (वरच्या सुळक्याकडे) जाणारी सगळी वाट चढायच्या भानगडीत पडू नका. पहिल्या टप्प्यातच एखाद्या फळलेल्या वडा-उंबराखाली तासभर बसा. हळद्या, कुटुर्गा, शिपाई बुलबुल, हरियल तिथेच येतात. भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, त्यामुळे आवाजावरून पाच पक्षी मोजलेत तर ते पाचही तोच असू शकतो. स्वर्गीय नर्तक हिवाळ्यात दिसतो, सावलीतल्या ओढ्याकडेला. नराची लांब पांढरी शेपूट दिसली की तुमचा फोटोवाला वीस मिनिटांचा नियम मोडणार, मोडू द्या.

फणसाड वेगळ्या जातीचं जंगल आहे. मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान, 1986 साली अभयारण्य झालं. सुपेगावाकडून आत जातात. इथे चालून पक्षी शोधण्यापेक्षा पाणवठ्यावर बसावं. इथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात, चिखलगाण त्यांतली नावाजलेली. मार्च ते मे पाणी आटत आलं की सगळं जंगल तिथे येतं, पाचू कवडा तर पायाशी उतरतो. शेकरू दिसेल. वर आभाळाकडेही लक्ष असू द्या, गिधाडं दिसण्याची शक्यता रायगडात अजून याच पट्ट्यात आहे. जनावरांच्या औषधातल्या डायक्लोफिनॅकने देशातली गिधाडं जवळपास संपवली. 2006 साली त्या औषधावर बंदी आली, पण वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी लवकर सावरत नाही.

पावसाळ्यात घरी बसू नका. जूनला पावशा "पेरते व्हा" ओरडत असतो, नवरंग पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ घालतो, आणि ओढ्यांच्या काठी तिबोटी खंड्या येतो. चिमणीएवढाच, पण रंग असे की पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. ओढ्याच्या मातीच्या दरडीत बीळ खणून तो घरटं करतो. इथे मी जरा कडक बोलणार आहे. बिळासमोर तिवई लावून तासन् तास बसणारे लोक दर पावसाळ्यात दिसतात. पालक पक्षी तोंडात सरडा-खेकडा धरून फांदीवर ताटकळतो आणि पिल्लं आत उपाशी राहतात. बीळ सापडलं तर मागे फिरा आणि कुणाला सांगूही नका. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं तर मुळीच नको.

अलिबागवाल्याला पावसाळ्यात आणखी एक काम: किहीमकडे सुगरणींच्या वसाहती शोधा. सलीम अली 1930 च्या सुमाराला किहीमला राहत होते तेव्हा त्यांनी याच सुगरणींचा अभ्यास केला आणि नराची कथा उलगडली: तो अर्धवट घरटं बांधतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तरच ते पुरं होतं, आणि मग हा पुढचं घरटं बांधायला घेतो. एकेका नराची अशी दोन-तीन बिऱ्हाडं. रस्त्यावरून दुर्बिणीने सगळं बघता येतं, झाडाखाली जायची गरज नाही.

वादळी वाऱ्यानंतर जून ते ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर खोल समुद्रातले पक्षी थकून पडलेले सापडतात, मास्क्ड बूबी वगैरे. लोक माणुसकीने त्यांना परत पाण्यात ढकलतात, ते करू नका. त्यांच्यात उडायचं त्राण नसतं म्हणूनच ते वाळूवर आलेले असतात. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. पाणी-मासे तोंडात कोंबू नका. वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. बूबीची चोच धारदार असते, डोळे सांभाळा, टॉवेल टाकून उचला.

सामान. एकच दुर्बीण घ्यायची तर 8 बाय 42. आठ म्हणजे आठपट जवळ, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापट घेतली की हात थरथरलेला जास्त जाणवतो आणि जंगलात पक्षी चौकटीत सापडत नाही. खाडीसाठी पुढेमागे दोघांत मिळून स्कोप (तिवईवर लावायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण) घ्या, कॅमेऱ्याची आणखी मोठी लेन्स नंतर. कोकणात दुर्बिणीचा खरा शत्रू बुरशी. जूनमध्ये कपाटात ठेवलेली दुर्बीण गणपतीत काढली की भिंगावर जाळी दिसते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की वाळवून घ्या. किनाऱ्यावरून आलात की भिंग आधी फुंकून वाळू उडवा, मग किंचित ओल्या कापडाने खार टिपा. कोरडं घासलंत तर ओरखडा गेलाच. पायात मागे पट्टा असलेलं काहीतरी घाला, खडकांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात आणि चिखल साधी चप्पल गिळतो.

ग्रुपची किंवा वाटाड्याची गरज दोन ठिकाणी आहे. फणसाडच्या आत वनखात्याचा स्थानिक वाटाड्या घ्या, रान दाट आहे आणि पैसे गावात राहतात. दुसरं ठाणे खाडी. 2015 साली जाहीर झालेलं हे रोहितांचं (फ्लेमिंगोंचं) अभयारण्य 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, गेलं. ऐरोलीच्या केंद्रातून बोट सुटते, ती भरतीचं पाणी बघूनच, म्हणून वेळ आधी विचारून जागा धरा. रोहित नोव्हेंबरपासून मेपर्यंत असतात, पण गर्दी बघायची तर फेब्रुवारीनंतर जा. बोटीत पुढच्या बाजूची जागा मिळवा, आणि नावाड्याला अजून जवळ घ्यायचा आग्रह करू नका.